एन्कर्सेस : अक्षरांच्या पडद्यामागचे गुणदोष

लिनक्स प्रणालीवर 'नॅनो' हा मजकूर-संपादक उघडा, यंत्रावर कोणती कामे चालू आहेत हे दाखवणारा 'एचटॉप' चालवा, किंवा लिनक्सचा गाभा नव्याने बांधण्यापूर्वी पर्याय निवडण्यासाठी येणारा 'मेनूकॉन्फिग'चा तक्ता पाहा. या तिन्ही ठिकाणी पडद्यावर चित्रे नसतात. असतात ती फक्त अक्षरे, चौकटीच्या रेघा आणि थोडेफार रंग. तरीही तक्ते आपापल्या जागी नीट बसलेले असतात, बाणाची कळ दाबली की निवड एका ओळीने खाली सरकते आणि बाकीचा पडदा जराही हलत नाही. ही किमया प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. तिन्ही प्रोग्रॅम हे काम एकाच लायब्ररीवर सोपवतात. तिचे नाव एन्कर्सेस.

लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमना वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवलेला संग्रह, असा तिचा अर्थ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'दहाव्या ओळीत, पाचव्या स्तंभात हा शब्द लिही' एवढेच म्हणावे. ते प्रत्यक्षात कसे घडवायचे हे लायब्ररीने पाहावे.

पुस्तकाची समीक्षा आपण वाचतो, नाटकाची वाचतो. संगणकाच्या आज्ञावलीची समीक्षा मात्र क्वचितच होते. तिचे वर्णन होते, जाहिरात होते किंवा तक्रार होते. एन्कर्सेसचा संपूर्ण मूळ मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे आणि तो आपल्या यंत्रावर स्वतः बांधून बसवताही येतो. म्हणून तिची परीक्षा करणे शक्य आहे. ती येथे तीन अंगांनी करू: मूळ कल्पना कशी आहे, बांधणी आणि बसवणी कशी आहे, आणि आपल्या लिपीला तिच्यात किती जागा आहे.

मंद तारेचा जमाखर्च

ही लायब्ररी का जन्मली हे समजण्यासाठी थोडे अंकगणित पुरे. जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे, म्हणजे एकूण १९२० घरे असत. टर्मिनल एका खोलीत आणि संगणक दुसरीकडे, मध्ये तार. त्या तारेतून सेकंदाला ३०० बिट जात. एका अक्षराचे आठ बिट आणि त्याची सुरुवात व शेवट सांगणारे दोन, असे दहा बिट धरले तर सेकंदाला ३० अक्षरे झाली. म्हणजे एक पूर्ण पडदा भरायला ६४ सेकंद! वेग चौपट करून १२०० बिट केला, तरी १६ सेकंद लागतातच.

आता समजा, पडद्यावर गुणांचा तक्ता आहे आणि एका विद्यार्थ्याचे गुण ४७ चे ४९ करायचे आहेत. बदल फक्त एका अंकाचा. फळ्यावर एक अंक चुकला म्हणून कोणी सगळा फळा पुसत नाही. टर्मिनललाही एवढेच सांगितले पाहिजे की, 'अमुक घरात जा आणि ९ लिही.' यासाठी सुमारे आठ अक्षरे पाठवावी लागतात आणि सर्वांत मंद तारेवरही ते काम पाव सेकंदात होते. कुठे ६४ सेकंद आणि कुठे पाव सेकंद! या फरकातच लायब्ररीचा जन्म आहे.

दुसरी अडचण अशी की, 'अमुक घरात जा' हे सांगण्याची प्रत्येक टर्मिनलची भाषा वेगळी. वरून सहाव्या ओळीतील अकराव्या घरात जायचे असेल, तर १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलला एस्केप, डावा चौकटी कंस, ६, अर्धविराम, १, १ आणि एच अशी सात चिन्हे पाठवावी लागत. त्याच्या आधीच्या एडीएम-३ए या टर्मिनलला चारच पुरत: एस्केप, बरोबरचे चिन्ह, मग ओळ आणि स्तंभ यांच्यासाठी एकेक अक्षर. ही मोजणी शून्यापासून करायची आणि तीत ३२ मिळवायचे. ५ चे ३७ होतात आणि १० चे ४२. आस्की संकेतात ३७ म्हणजे टक्क्याचे चिन्ह आणि ४२ म्हणजे तारा. एकाच यंत्राला शोभणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवला, तर पडद्यावर निव्वळ कचरा उमटे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा संपादक लिहिला, तेव्हा या दोन्ही अडचणींना उत्तर शोधावे लागले. टर्मिनलांचे गुणधर्म त्यांनी 'टर्मकॅप' नावाच्या एका वेगळ्या फाइलीत मांडले. पडदा कमीत कमी खर्चात बदलण्याची त्या संपादकातील युक्ती घेऊन केन अरनॉल्ड यांनी १९८० च्या सुमारास 'कर्सेस' ही लायब्ररी तयार केली. कर्सर हलवण्याच्या काटकसरीवरून हे नाव पडले. इंग्रजीत त्याचा अर्थ 'शाप' असाही होतो, हा त्यातला विनोद. याच परिसरात आणि याच काळात 'रोग' हा अक्षरांनी काढलेल्या भुयारांचा खेळ घडला. अरनॉल्ड हे त्याच्याही कर्त्यांपैकी एक. पुढे बेल प्रयोगशाळेत मेरी ॲन हॉर्टन यांनी टर्मकॅपच्या जागी 'टर्मिन्फो' ही अधिक जलद वाचता येणारी पद्धत आणली. पावेल कर्टिस यांनी १९८२ पासून लिहिलेल्या खुल्या आवृत्तीच्या पायावर झेयद बेन-हलीम यांनी १९९३ मध्ये 'नवे कर्सेस', म्हणजेच एन्कर्सेस, प्रसिद्ध केले. एरिक रेमंड आणि युर्गेन फायफर यांनी त्यात मोठी भर घातली, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून थॉमस डिकी तिची देखभाल करीत आले आहेत.

कल्पनेचे गुण

एन्कर्सेसमध्ये दोन कल्पना आहेत आणि दोन्ही इतक्या चांगल्या आहेत की, संगणकाशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यानेही त्या समजून घ्याव्यात.

पहिली कल्पना म्हणजे दोन पडद्यांची. 'टर्मिनलवर आत्ता काय दिसत आहे' याची एक प्रत लायब्ररी स्मृतीत ठेवते. प्रोग्रॅम जे काही लिहितो ते आधी 'काय दिसायला हवे' या दुसऱ्या प्रतीत जाते. प्रोग्रॅमने 'रिफ्रेश' म्हटले की दोन प्रतींची तुलना होते आणि फक्त फरक पाठवला जातो. एवढेच नव्हे, तर त्या जागी कर्सर नेण्याचे जे अनेक मार्ग असतात, म्हणजे थेट उडी, दोन घरे मागे, ओळीच्या सुरुवातीला जाऊन पुढे, त्यांची किंमत मोजून लायब्ररी सर्वांत स्वस्त मार्ग निवडते. आज तारा वेगवान झाल्या आहेत. पण दूरच्या संगणकावर सुरक्षित जोडणीतून काम करताना रेंज कमी असेल, तर हीच काटकसर आजही उपयोगी पडते.

दुसरी कल्पना त्याहून महत्त्वाची: वर्णन आणि कृती यांची फारकत. टर्मिनल कसे आहे हे प्रोग्रॅममध्ये लिहायचे नाही. ते बाहेर, एका नोंदवहीत लिहायचे. नवे टर्मिनल बाजारात आले तर प्रोग्रॅमला हात न लावता वहीत एक नोंद वाढवायची. टर्मिन्फोची ही वही म्हणजे एक साधी मजकुराची फाइल आहे. 'टिक' नावाचा प्रोग्रॅम तिचे रूपांतर यंत्राला चटकन वाचता येईल अशा छोट्या फाइलींत करतो, आणि 'इन्फोकंप' त्या फाइली पुन्हा माणसाला वाचता येतील अशा करून दाखवतो. वहीतील 'कर्सर हलवा' ही नोंद म्हणजे एक चिमुकली गणिती भाषाच आहे: आकडा चळतीवर ठेव, एक मिळव, दशमान पद्धतीने छाप. शून्यापासून मोजणारा प्रोग्रॅम आणि एकापासून मोजणारे व्हीटी-१०० यांच्यातील फरक याच नोंदीत मिटतो.

मूळ वहीत हजाराहून अधिक टर्मिनलांच्या नोंदी आहेत आणि अनेकींच्या शेजारी टिपा आहेत: या यंत्रात कोणता दोष होता, ते कोणी बनवले, कोणती कळ भलताच संकेत पाठवते. आज ही बहुतेक यंत्रे कोठेही चालू नाहीत. त्या अर्थाने ही फाइल म्हणजे एक वस्तुसंग्रहालयच आहे. समीक्षकाने हा गुण मानायचा की ओझे? आमच्या मते गुण. कारण जुन्या नोंदी राखण्याचा खर्च नगण्य आहे आणि त्या काढून टाकण्याने नवे काहीच मिळत नाही.

मात्र एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आजचे जवळजवळ सर्व टर्मिनल-प्रोग्रॅम व्हीटी-१०० च्याच घराण्यातील भाषा बोलतात. त्यामुळे नव्या लायब्रऱ्यांपैकी काही टर्मिन्फोकडे वळतच नाहीत. ती एकच भाषा गृहीत धरून थेट संकेत पाठवतात. मग एवढी मोठी वही हवी कशाला? उत्तर असे की, घराणे एक असले तरी बोली अजून वेगळ्या आहेत. रंग किती, माऊसचे संकेत कोणते, फंक्शन कळा काय पाठवतात, यांत आजही फरक आहेत. गृहीत धरणे सोपे असते. नोंद पाहणे भरवशाचे असते.

बांधणी : येथे वाट अवघड होते

मूळ मजकुरापासून लायब्ररी बांधणे हा लिनक्सवरील जुना पाठ आहे. गाठोडे उलगडायचे, मग तीन पायऱ्या: 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. पहिली पायरी यंत्राची तपासणी करते. ती लहान लहान सी प्रोग्रॅम लिहून ते बांधले जातात का हे पाहते आणि त्यावरून बांधणीचा आराखडा तयार करते. दुसरी पायरी त्या आराखड्याप्रमाणे मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करते. तिसरी तयार फाइली योग्य जागी ठेवते. प्रयोगशाळेतील प्रयोगाप्रमाणे साहित्य, कृती आणि मांडणी अशी ही विभागणी आहे.

एन्कर्सेसमध्ये या पाठाला एक सुंदर गाठ आहे. टर्मिन्फोची वही रूपांतरित करायला 'टिक' लागतो; पण 'टिक' हा याच गाठोड्यात, याच बांधणीत तयार होतो. म्हणून आधी हत्यार घडवायचे आणि मग त्याच हत्याराने उरलेली वस्तू घडवायची. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधणी करायची असेल, तर तेथे तयार झालेला 'टिक' आपल्या यंत्रावर चालत नाही. आपल्या यंत्रावर चालणारा वेगळा 'टिक' आधी लागतो. लोहाराला पहिला हातोडा कोणी दिला, या प्रश्नाचे हे संगणकी रूप.

येथवर कौतुक. आता दोष.

पहिला दोष म्हणजे बसवण्याची जागा. बहुतेक गाठोडी, काही न सांगता बसवली, तर '/यूएसआर/लोकल' या स्वतंत्र कप्प्यात जातात; प्रणालीच्या मूळ फाइलींना धक्का लागत नाही. एन्कर्सेस मात्र लिनक्स ओळखले की थेट '/यूएसआर' हाच कप्पा धरते. तिचे म्हणणे असे की, लिनक्सवर प्रणालीची कर्सेस मीच आहे, मग वेगळी खोली कशाला? तर्क बरोबर आहे. परिणाम धोक्याचा आहे. नवशिक्या विद्यार्थ्याने मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने 'मेक इन्स्टॉल' म्हटले, तर वितरणाने दिलेल्या फाइलींवर त्याच्या फाइली बसू शकतात. डेबियनसारख्या वितरणांत आज्ञा घेणारा 'बॅश' हा कवचप्रोग्रॅमही याच लायब्ररीच्या एका भागावर उभा असतो. ज्या फांदीवर बसायचे तिच्यावरच कुऱ्हाड! तज्ज्ञाला सोयीचे आणि नवख्याला घातक असे गृहीतक निवडले, हा निर्णयाचा दोष आहे, बांधणीचा नव्हे. म्हणूनच तो अधिक खटकतो.

दुसरा दोष: काही न सांगता बांधले तर फक्त स्थिर लायब्ररी तयार होते, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये जिची प्रत चिकटवली जाते अशी. अनेक प्रोग्रॅमना मिळून वापरता येणारी सामायिक लायब्ररी हवी असेल, तर 'विथ-शेअर्ड' असा पर्याय द्यावा लागतो. आज जवळजवळ प्रत्येकाला हवी असते ती सामायिकच. इंग्रजीबाहेरच्या लिपींसाठी 'एनेबल-वाइडेक' या पर्यायाने रुंद अक्षरांची आवृत्ती बांधायची. तिचे नाव वेगळे: शेवटी 'डब्ल्यू' लागलेली 'एन्कर्सेसडब्ल्यू'. असे पर्याय शंभराहून अधिक आहेत आणि ते समजावणारी 'इन्स्टॉल' ही फाइल हजाराहून अधिक ओळींची आहे. माहिती पूर्ण आहे, अचूकही आहे. पण पूर्ण माहिती आणि चांगली ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शिक्षकांना सांगायला नको. शब्दकोश दिला म्हणून भाषा शिकवली असे होत नाही.

तिसरा दोष जोडणीतला, आणि त्यात वितरणांचाही वाटा आहे. काही वितरणे लायब्ररीचे दोन तुकडे करतात: पडद्याचे काम एका फाइलीत आणि टर्मिन्फोचे काम 'टिन्फो' नावाच्या दुसऱ्या फाइलीत. मग विद्यार्थी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केवळ एन्कर्सेस जोडतो आणि 'कीपॅड' हे नाव सापडत नाही, अशी तक्रार यंत्र करते. नाव आहे, पण शेजारच्या फाइलीत. 'पीकेजी-कॉन्फिग' हे साधन कोणकोणत्या फाइली जोडायच्या ते बिनचूक सांगते. पण ते आहे हेच नवख्याला ठाऊक नसते.

याच्या जोडीला सर्वांत नेहमीची अडचण: लायब्ररी यंत्रावर असते, तिच्यावरचे प्रोग्रॅम चालतात, आणि तरीही नवा प्रोग्रॅम बांधताना 'कर्सेस'ची शीर्षफाइल सापडत नाही. नाटक पाहायला तिकीट पुरते. ते बसवायला संहिता लागते. चालवण्यासाठी लागणारे आणि बांधण्यासाठी लागणारे पॅकेज वितरणे वेगळे ठेवतात. दुसऱ्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' किंवा 'डेव्हल' लावलेले असते. हे पॅकेज नसताना कोणी पायथन ही भाषा मूळ मजकुरापासून बांधली, तर बांधणी यशस्वी होते. फक्त तिच्यातील 'कर्सेस' हा भाग गळतो आणि त्याची सूचना शेवटच्या ओळींत येऊन जाते. अनेकांना ते कळते पुढे केव्हातरी, प्रोग्रॅम अडला म्हणजे.

२०१५ चा एक धडा

बांधणी किती नाजूक असू शकते याचे एक चांगले उदाहरण आहे. एन्कर्सेसची ५.९ ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि चार वर्षे बिनतक्रार बांधली गेली. २०१५ मध्ये जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरची ५ वी आवृत्ती आली आणि त्याच गाठोड्याची बांधणी मध्येच अडू लागली. मजकुरातले एक अक्षरही बदलले नव्हते. मग घडले काय?

सी मध्ये काही कामे 'मॅक्रो' म्हणून, म्हणजे मजकुराच्या अदलाबदलीने केलेली असतात. तीच कामे खऱ्या फंक्शनच्या रूपातही मिळावीत म्हणून एन्कर्सेस एक फाइल आपोआप तयार करते. त्यासाठी ती शीर्षफाइल कंपायलरच्या पूर्वप्रक्रियेतून काढते आणि जो मजकूर बाहेर येतो तो ओळीओळीने कापून जोडते. जीसीसी ५ ने या मजकुरात ओळींच्या खुणा आधीपेक्षा अधिक ठिकाणी घालायला सुरुवात केली. तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता, कारण ओळी कशा तुटाव्यात याचे वचन त्याने कोणालाही दिले नव्हते. पण कापणारी कात्री त्या सवयीवर अवलंबून होती. ती भलतीकडे चालली. ओळींच्या खुणा घालू नयेत असा पर्याय पूर्वप्रक्रियेला दिला की बांधणी पुन्हा होत असे, आणि नंतरच्या आवृत्तीत हा दोष राहिला नाही.

यातील धडा प्रयोगशाळेतलाही आहे. एखादी गोष्ट नेहमी तशीच घडते, याचा अर्थ ती तशीच घडण्याची हमी आहे असा नव्हे. निरीक्षण आणि नियम यांत फरक असतो. आज्ञावली लिहिणारेही तो विसरतात.

वापरताना जाणवणारे

लायब्ररी हाताळू लागल्यावर पहिली खटकणारी बाब म्हणजे क्रम. जागा सांगताना आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे आधी 'वाय' आणि मग 'एक्स'. आलेख काढायला शिकलेल्या विद्यार्थ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. पण शिक्षकांनी लक्षात आणून द्यावे की, सारणीतील घटक लिहितानाही आपण आधी ओळ आणि मग स्तंभच सांगतो, आणि पडदा हा आलेखापेक्षा सारणीच्या अधिक जवळ आहे. हा दोष आम्ही दोष मानत नाही.

एस्केप कळीचा मात्र मानतो. बाणाची कळ दाबली की टर्मिनल एस्केपने सुरू होणारी तीन चिन्हे पाठवते. मग नुसता एस्केप आला तर तो माणसाने दाबला, की बाणाचा आरंभ आहे? लायब्ररी थांबून वाट पाहते, आणि ही वाट मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण एक सेकंद, ठरवलेली आहे. मंद तारेच्या काळात ते योग्य होते. आज मात्र एस्केप दाबल्यावर प्रोग्रॅम झोपला की काय असे वाटते. 'एस्केपडिले' या चलाने हा काळ कमी करता येतो, पण तो प्रत्येकाने स्वतः कमी करावा, ही अपेक्षा चमत्कारिक आहे.

तिसरी बाब विश्वासाची. लायब्ररी पडद्याकडे कधीच पाहत नाही. आपण काय लिहिले हे फक्त आठवते. दुसऱ्या प्रोग्रॅमने मध्येच काही छापले तर तिची आठवण आणि वास्तव यांची फारकत होते. म्हणून अशा बऱ्याच प्रोग्रॅमांत कंट्रोल आणि एल दाबून पडदा नव्याने काढण्याची सोय ठेवतात. 'टर्म' या चलात टर्मिनलचे नाव चुकीचे असेल, तर ती चुकीची नोंद उघडून आत्मविश्वासाने चुकीचे संकेत पाठवते. आणि 'एंडविन' ही निरोपाची आज्ञा न देता प्रोग्रॅम कोसळला, तर टाइप केलेले दिसेनासे होते. अशा वेळी घाबरून खिडकी बंद करू नये. न दिसताही 'रीसेट' असे टाइप करून एंटर दाबावे. हा छोटा प्रोग्रॅमही एन्कर्सेसच्याच गाठोड्यातला आहे. घर विस्कटणाऱ्यानेच झाडूही ठेवून दिला आहे, हे तिचे श्रेय.

पुणे दोन घरांत, नाशिक पाच घरांत

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. या पडद्यावर मराठी नीट दिसते का?

एन्कर्सेसचा सारा हिशेब घरांचा आहे. एक अक्षर म्हणजे एक घर, किंवा चिनी-जपानी अक्षर असेल तर दोन. रुंद अक्षरांच्या आवृत्तीत एका घरात एक मूळ चिन्ह आणि त्याला चिकटणारी, शून्य रुंदीची आणखी चार चिन्हे मावतात. युरोपातील टिंबे आणि मात्रा यांना हे पुरते. देवनागरीचे काय होते ते पाहा. युनिकोडमध्ये उकार, एकार, ऐकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे 'जागा न घेणारी' या वर्गात येतात. काना, वेलांट्या, ओकार आणि औकार ही 'जागा घेणारी' या वर्गात. रूढ नियमानुसार पहिल्यांची रुंदी शून्य आणि दुसऱ्यांची एक धरली जाते.

त्यामुळे 'कु' एका घरात बसतो आणि 'की' दोन घरे घेते. 'पुणे' या दोन अक्षरी शब्दाला दोन घरे. 'नाशिक' या तीन अक्षरी शब्दाला मात्र न, काना, श, वेलांटी, क अशी पाच घरे. 'विज्ञान' तीन अक्षरी, पण हिशेबात सहा घरे. त्यात ऱ्हस्व वेलांटी संकेतांकांच्या क्रमात व्यंजनानंतर येते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. 'ज्ञ'मध्ये दोन व्यंजने मिळून एकच आकृती होते. टर्मिनलचा प्रोग्रॅम अक्षरे जोडून दाखवणारा असेल तर आकृती घरांत नेमकी बसत नाही; जोडून न दाखवणारा असेल तर वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला लटकते. दोन्ही परींनी गावांच्या नावांचा तक्ता वाकडा होतो.

हा दोष एकट्या एन्कर्सेसचा नाही. घरांची जाळी मुळात इंग्रजी टंकलेखनाच्या मापाची आहे. रुंदीचे नियम प्रणालीकडून येतात आणि चित्र टर्मिनल काढते. तरीही समीक्षेत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जिने 'टर्मिनल कसे आहे ते बाहेर लिहून ठेवा' ही थोर कल्पना राबवली, तिच्या वहीत 'हे टर्मिनल जोडाक्षराला किती घरे देते' यासाठी रकानाच नाही. लायब्ररी एक रुंदी धरते, टर्मिनल दुसरी, आणि दोघांना एकमेकांना विचारण्याची सोय नाही. स्वतःचे मूळ तत्त्व नेमके जेथे लावायला हवे होते तेथे ते लावलेले नाही.

असे होणे अटळ होते असेही नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, 'जिस्ट' या तंत्रावर आधारित कार्ड आणि टर्मिनले तयार केली होती. इस्की हा भारतीय लिपींचा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमने फक्त संकेतांक पाठवायचे आणि अक्षरांची जुळणी कार्डाने किंवा टर्मिनलने करायची, अशी ती योजना होती. अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी उमटवण्याचा विचार आपल्याकडे झाला होता. मात्र तो टर्मिन्फोच्या जगात पोहोचला नाही.

निवाडा

एन्कर्सेसची कल्पना उत्तम, कारागिरी टिकाऊ, आणि नवख्याचे स्वागत मात्र कोरडे. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला आहे तिच्याकडून एक अपेक्षा असते: हवा त्याने तो उघडून पाहावा. पण दार उघडे असणे आणि उंबरा ओलांडता येणे यात अंतर आहे. हे अंतर लायब्ररी लिहिणाऱ्याने भरून काढायचे, की शिकवणाऱ्याने? आमच्या मते गृहीतके सुरक्षित ठेवणे हे लिहिणाऱ्याचे काम. ओळख करून देणे हे आपले.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी पुढील क्रम पाळावा. रोजच्या वापरासाठी वितरणाचेच पॅकेज, 'डेव्ह' किंवा 'डेव्हल' भागासह, घ्यावे. शिकण्यासाठी बांधायचे असेल तर 'प्रीफिक्स' या पर्यायाने आपल्या स्वतःच्या घरातील कप्पा द्यावा, सोबत 'विथ-शेअर्ड' आणि 'एनेबल-वाइडेक' द्यावेत, आणि मुख्य वापरकर्त्याचा अधिकार मुळीच वापरू नये. मग काही बिघडले तरी तो एक कप्पा पुसला की झाले. प्रोग्रॅम बांधताना शीर्षफाइली आणि लायब्ररी कोठे आहेत ते कंपायलरला सांगावे. चालवताना नवी लायब्ररी सापडावी म्हणून 'एलडी लायब्ररी पाथ' या चलात आपला कप्पा लिहावा, आणि 'एलडीडी' या आज्ञेने आपला प्रोग्रॅम नेमकी कोणती लायब्ररी उचलतो आहे याची खात्री करावी.

त्यानंतर दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहावा: पडदा सुरू करा, गावांची नावे आणि त्यांच्यापुढे उभी रेघ असा तक्ता छापा, 'रिफ्रेश' म्हणा, एका कळीची वाट पाहा आणि 'एंडविन' म्हणून निरोप घ्या. आधी नावे रोमन लिपीत लिहा, मग देवनागरीत. दुसऱ्या वेळी रेघ कोणकोणत्या गावापाशी हलते ते विद्यार्थ्यांना वहीत उतरवू द्या, आणि कोणत्या चिन्हांमुळे हलली याचा नियम त्यांनाच शोधू द्या. दोन वेगवेगळ्या टर्मिनल-प्रोग्रॅमांत हाच तक्ता पाहिला तर उत्तरे कदाचित वेगळी येतील. ती नोंद नीट ठेवावी. टर्मिन्फोची मूळ वहीही अशाच नोंदींतून वाढत गेली आहे.